बँकेतून दोघं जा: पुण्यातल्या पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाबद्दल

आमची बँक सोलापूर जिल्ह्यातली नागरी सहकारी बँक. चौदा शाखा, मुख्य कार्यालय तालुक्याच्या गावी. मी तिथे २४ वर्षं आहे. क्लार्क म्हणून लागले, आता सहाय्यक सरव्यवस्थापक आहे आणि चार शाखा माझ्या देखरेखीखाली आहेत. गेल्या हिवाळ्यात बँकेनं मला पुण्यातल्या एका संस्थेच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय असा, की डिजिटल बदलांच्या काळात बँक चालवणारी पुढची फळी कशी तयार करायची. अशा प्रशिक्षणात काय पाहून पैसे भरावेत ते मला सांगायचंय, म्हणून संस्थेचं नाव बाजूला ठेवते. माझ्यासारख्या अधिकाऱ्यांना आता दर महिन्याला असल्या माहितीपत्रकांचे ईमेल येतात आणि सगळ्यांवर मजकूर जवळपास एकच असतो.

या संस्थेची एक अट मात्र वेगळी होती. एका बँकेतून एकट्याला प्रवेश नाही. दोघांनी यायचं, एक शाखा किंवा कर्ज विभागातला आणि एक आयटीतला. आमच्या साहेबांना आधी हा खर्च दुप्पट करायचा प्रकार वाटला. मलाही वाटला. शेवटी माझ्याबरोबर आयटी विभागातला २९ वर्षांचा अधिकारी आला. तीन वर्षं आम्ही एकाच इमारतीत होतो, आणि तोवर मी त्याच्याशी फक्त प्रिंटर आणि पासवर्ड या दोन कारणांसाठी बोलले होते.

पहिल्या सकाळी दीपप्रज्वलन नाही, ओळखी नाहीत. बाकं भिंतीला सरकवलेली आणि फरशीवर खडूनं सहा चौकोन आखलेले. पैसे देणाऱ्याचं ॲप, त्याची बँक, यूपीआय चालवणारी संस्था म्हणजे एनपीसीआय, पैसे घेणाऱ्याची बँक, त्या बँकेची स्पॉन्सर बँक, आणि शेवटी पैसे घेणारा. स्पॉन्सर बँकेचा चौकोन पाहून मला बरं वाटलं, कारण बहुतेक प्रशिक्षणांत तो नसतोच. बऱ्याच छोट्या सहकारी बँका यूपीआयमध्ये मोठ्या बँकेचा हात धरून, सब-मेंबर म्हणून असतात आणि आमचे निम्मे प्रश्न त्या मधल्या पायरीवरचे असतात.

सहा जणांना चौकोनांत उभं केलं. शिकवणारे सर एका सरकारी बँकेच्या कामकाज विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी बँकांच्या चौकोनांतल्या लोकांच्या हातात कापडाची एकेक पिशवी दिली, आत खोट्या नोटा. मग ५०० रुपयांचा व्यवहार सुरू केला. ॲपकडून चिठ्ठी एनपीसीआयला, तिथून देणाऱ्या बँकेला: "नावे टाका," म्हणजे खात्यातून वजा करा. तिनं नावे टाकले, तशी चिठ्ठी परत पाठवली. एनपीसीआयकडून घेणाऱ्या बँकेला चिठ्ठी: "जमा करा." आणि त्या चौकोनातला माणूस गप्प. सरांनी त्याच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतं. अर्धा मिनिट गेला. ॲपवाल्यानं ‘व्यवहार प्रक्रियेत आहे’ असा कागद वर धरला.

सरांनी आम्हा २४ जणांना विचारलं, "आत्ता पैसे कुठे आहेत?"

शाखांमधून आलेल्या आम्ही बहुतेकांनी एका सुरात उत्तर दिलं, "एनपीसीआयकडे."

सर काही न बोलता एनपीसीआयच्या चौकोनापाशी गेले आणि तिथल्या बाईंना हात वर करायला सांगितलं. त्यांच्या हातात चिठ्ठ्या होत्या. पिशवी नव्हतीच. तिथून फक्त निरोप जातात. खरे पैसे ठरावीक फेऱ्यांच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे बँकांच्या आपसातल्या हिशोबात, रिझर्व्ह बँकेकडच्या खात्यांतून, या बँकेकडून त्या बँकेकडे जातात. घेणाऱ्या बँकेनं उत्तर दिलं नाही तर असा व्यवहार ‘डीम्ड’ धरला जातो, म्हणजे झाला असं मानून सेटलमेंट होते. पैसे घेणाऱ्या बँकेकडे पोचतात. ग्राहकाच्या खात्यात मात्र जमा झालेले नसतात. आता त्या बँकेनं व्यवहारांची फाइल जुळवून एक तर ते जमा करून तसं कळवायचं, नाही तर परत पाठवायचे. तोवर ते पडून असतात, तिच्याच सस्पेन्स खात्यात, म्हणजे निकाल न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात.

सर पुढे समजावत होते आणि माझं लक्ष उडालं.

आमच्या गावात एसटी स्टँडजवळ खाणावळ चालवणाऱ्या एक बाई आहेत. आमच्या जुन्या खातेदार. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे जेवणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या वडिलांनी यूपीआयनं ४,२०० रुपये पाठवले. त्यांच्या खात्यातून वजा झाले, बाईंच्या खात्यात आले नाहीत. बाई माझ्याकडे आल्या. मी सांगितलं, "पैसे समोरच्या बँकेत अडकलेत, त्यांना तिकडे चौकशी करायला सांगा." दोन दिवसांनी परत आल्या, मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा नुसता मोबाइल पुढे धरून उभ्या राहिल्या, स्क्रीनवर पैसे वजा झाल्याचा मेसेज. मी तेव्हाही तेच बोलले. नवव्या दिवशी पैसे जमा झाले आणि मी ते प्रकरण विसरले.

ते ४,२०० रुपये आमच्याकडेच होते. नऊ दिवस, आमच्याच सस्पेन्स खात्यात. मी खोटं बोलले नव्हते, मला माहीतच नव्हतं. पण त्या बाईंना काउंटरवरून परत पाठवणारी मी होते, आणि इतक्या वर्षांची नोकरी झालेली बाई सांगतेय म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं, की असे पैसे जमा करता आले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपणहून उलटे फिरवायचे, आणि उशीर झाला तर तक्रारीची वाट न बघता दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. ते परिपत्रक मी वाचलेलं होतं, त्यावर सहीसुद्धा केली होती.

त्या रात्री जेवताना मी हे आमच्या आयटीच्या अधिकाऱ्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, स्पॉन्सर बँकेची ती फाइल रोज सकाळी साडेदहाला माझ्याकडे येते. शाखेत ती कुणाला लागते हे मला कधी कुणी सांगितलंच नाही."

दोघांनी या, असं ते का म्हणतात ते मला तिथे कळलं. एकटी गेले असते तर परत येऊन एक अहवाल लिहिला असता आणि तो फायलीला लागला असता.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्हाला बसनं गुलटेकडीला मार्केट यार्डात, फुलबाजारात नेलं. प्रत्येक जोडीनं एका विक्रेत्याजवळ दोन तास उभं राहायचं. वही काढायची नाही, प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांतच विचारायचे. आमच्या वाट्याला झेंडू आणि शेवंती विकणारे काका आले. दोन तासांत त्यांनी मोबाइल एकदाही हातात घेतला नाही. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करायचं, पोत्यावर ठेवलेला साउंडबॉक्स आकडा बोलायचा आणि काकांचा हात पुढच्या वजनाकडे वळायचा. पाण्यानं भिजू नये म्हणून त्यांनी त्याला प्लास्टिकची पिशवी घातली होती, आवाज येण्यापुरती भोकं पाडून.

शेवटी मी विचारलं, "काका, खातं कुठल्या बँकेत आहे?"

"ते पोराला विचारायला लागंल. डबा कुणाचा ते सांगतो."

डबा म्हणजे तो साउंडबॉक्स. मग त्यांनी सांगितलं, की डबेवाल्या कंपनीच्या ॲपवरूनच त्यांना ६०,००० रुपयांचं कर्ज मिळालंय. कागद काही लागले नाहीत. रोजच्या जमेतून हप्ता आपोआप कापला जातो. रोजचा गल्ला किती ते कंपनीला डब्यातून कळतं, त्यावरून कंपनीनं ठरवलं.

परतीच्या बसमध्ये मी माझ्या बँकेच्या पिग्मी एजंटांचा विचार करत होते. पिग्मी ठेव, म्हणजे एजंटानं रोज दारात येऊन थोडी थोडी रक्कम गोळा करायची ठेव, ही १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटनं, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली. आमच्याकडे आजही २२ एजंट रोज संध्याकाळी बाजारपेठेत फिरतात. एजंटाला कळतं, की अमुक दुकानदार पावसाळ्यात १०० ऐवजी ४० रुपये भरतो, तमुक दिवाळीनंतर पंधरा दिवस टाळतो. त्यांच्या हातातल्या मशीनमध्ये कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत. आणि त्याच दुकानदारानं कर्ज मागितलं की आम्ही तीन वर्षांची विवरणपत्रं मागतो, दोन जामीनदार मागतो, आणि तो माणूस महिनाभर खेटे घालतो. डबेवाल्याला जे आत्ता समजलं ते आम्हाला किती आधीपासून माहीत होतं! आम्ही त्या नोंदी फक्त कमिशन काढायला वापरल्या.

त्याच रात्री साडेनऊला खोलीच्या दारावर थाप पडली. सगळ्यांना खाली वर्गात बोलावलं. आधी काही सांगितलेलं नव्हतं. फळ्यावर लिहिलं होतं: ‘११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार.’ पुण्यातल्या लोकांना ती तारीख सांगावी लागत नाही. कॉसमॉस बँकेवर तेव्हा सायबर हल्ला झाला. हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम स्विचच्या, म्हणजे एटीएम आणि बँकेची प्रणाली जोडणाऱ्या यंत्रणेच्या, जागी स्वतःचा खोटा स्विच उभा केला. एटीएममधून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती, खोटा स्विचच ‘द्या’ म्हणून उत्तर देत होता. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी निघाले, देशातून अडीच कोटी. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमार्गे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. सगळे मिळून सुमारे ९४ कोटी. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नव्हता, गेलेला पैसा बँकेचा होता.

आम्हाला ही गोष्ट सांगून थांबले नाहीत. दर पाच मिनिटांनी प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी मिळू लागली. ‘कार्ड कंपनीकडून फोन: तुमच्या कार्डांवर परदेशात असाधारण व्यवहार.’ मग ‘शाखा बंद, मुख्य कार्यालयात फक्त वॉचमन.’ मग ‘स्विच बंद करायचा का?’

इथे आमची जोडी अडली. दुसऱ्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या बँकेत स्विच बंद करायचा आदेश कोण देऊ शकतं? सरव्यवस्थापक, असं मी म्हणाले. त्यांचा फोन लागला नाही तर? आमच्या आयटीच्या अधिकाऱ्यानं धोरणाची पीडीएफ उघडली. त्यात ‘सक्षम अधिकारी’ असा शब्द होता. तो अधिकारी कोण, हे ४१ पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. आणि आमचा स्विच तर स्पॉन्सर बँकेकडे, तेव्हा फोन तिकडे करायचा. कुठल्या नंबरवर? आमच्याकडे होता तो त्यांच्या ज्या अधिकाऱ्याचा, ते मागच्या वर्षी बदलून गेले होते. बारा जोड्यांपैकी चारच जोड्या वीस मिनिटांत त्या प्रश्नाचं ठाम उत्तर देऊ शकल्या. असा हल्ला झाला की सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, ६ तासांच्या आत कळवणं २०२२ पासून बंधनकारक आहे, ही चिठ्ठी शेवटी आली. तोवर आमच्या खेळातले निम्मे पैसे परदेशात गेले होते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता जे पटलं नाही ते.

चौथा दिवस वाया गेला असं मी म्हणेन. बाहेरून आलेल्या एका सल्लागारांनी सकाळी दहा ते साडेचार ब्लॉकचेन, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि भविष्यातली बँक यांवर १३० स्लाइड दाखवल्या. उदाहरणं लंडन आणि सिंगापूरच्या बँकांची. हुशार गृहस्थ, बोलायला छान, पण आमच्या बँकेत शेतकरी येतो तो सातबारा, आठ-अ, फेरफार आणि इतर बँकांचे ना-देय दाखले घेऊन. त्याचं काय होणार हे आम्हाला हवं होतं. आणि त्याबद्दल सांगण्यासारखं आपल्याच देशात भरपूर आहे. अकाउंट ॲग्रिगेटर २ सप्टेंबर २०२१ ला सुरू झाले. ग्राहकानं संमती दिली की त्याची दुसऱ्या बँकेतली खात्याची माहिती थेट, सहीशिक्क्याशिवाय, आपल्यापर्यंत येते. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये कर्जासाठीचं सार्वजनिक तंत्रज्ञान व्यासपीठ चाचणीसाठी सुरू केलं, तेच पुढे युनिफाइड लेंडिंग इंटरफेस, यूएलआय झालं. जमिनीच्या नोंदी त्याला जोडायचं काम चालू आहे. आपल्याकडे डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणी मोबाइलवर करतो. हे सगळं एका धाग्यात आलं तर पीककर्जाची फाइल किती दिवसांत निघेल, शाखेतल्या माणसाचं काम काय उरेल, भाऊबंदकीतल्या सामाईक गटाचं काय करायचं, यावर मी दोन दिवस बसायला तयार होते. त्या विषयाला मिळाली दुसऱ्या दिवशी जेवणाआधीची ४० मिनिटं. मी प्रश्न विचारला तेव्हा सर म्हणाले, "ताई, हे संध्याकाळी बोलू." संध्याकाळी ते खरंच थांबले आणि तासभर बोलले, पण तेव्हा आम्ही पाचच जण होतो.

दुसरी तक्रार भाषेची. सगळं साहित्य इंग्रजीत. वर्गात २४ पैकी २० जण महाराष्ट्रातल्या सहकारी बँका आणि जिल्हा बँकांचे. पहिले दोन दिवस आठ-नऊ जण एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी मराठीत सुरुवात केली आणि बीड जिल्ह्यातले एक शाखाधिकारी, जे तोवर मान खाली घालून बसले होते, त्यांनी सस्पेन्स खातं रोजच्या रोज शून्यावर आणायची आपल्या शाखेची पद्धत फळ्यावर लिहून दाखवली. पाच दिवसांत मी ऐकलेली सगळ्यात कामाची गोष्ट ती. इंग्रजी येत नाही म्हणून ते गप्प नव्हते. ज्या भाषेत ते रोज बँक चालवतात ती भाषा वर्गात चालते की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. संस्थेनं टिपणं तरी दोन्ही भाषांत द्यावीत, हे मी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिलंय.

आणि संचालकांसाठी काहीच नाही. सहकारी बँकेत पैसा कुठे खर्चायचा ते संचालक मंडळ ठरवतं. १०० कोटी आणि त्यावर ठेवी असलेल्या नागरी बँकांना रिझर्व्ह बँकेनं २०१९ अखेरच्या परिपत्रकानं संचालक मंडळाखेरीज वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं, म्हणजे तिथे जाणकार माणसं यावीत. पण खडूचे चौकोन त्यांनाही दाखवायला हवेत. एक दिवस पुरेल.

राहण्याखाण्याचं थोडक्यात. खोल्या स्वच्छ, दोघांत एक, महिलांची सोय वेगळ्या मजल्यावर. गरम पाणी सकाळी साडेसातपर्यंतच. जेवण साधं आणि चांगलं, एका रात्री पिठलं-भाकरी होती तेव्हा सगळे दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठले. वायफाय वरच्या मजल्यावर पोचत नाही. दोघांचे मिळून ७२,००० रुपये आणि वर जीएसटी. चौथा दिवस धरूनसुद्धा मला ते पैसे वसूल वाटतात.

शेवटच्या दिवशी भाषणं किंवा फोटो काढण्याआधी प्रत्येक जोडीकडून एक पान लिहून घेतात: परत गेल्यावर ३० दिवसांत करायच्या तीन गोष्टी, प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख. ३१ व्या दिवशी संस्थेतून फोन येतो. आम्हाला आला. तिन्हींपैकी दोन झाल्या होत्या. स्विच बंद करायचा अधिकार कुणाला, हे आता तीन नावांसह, मोबाइल नंबरांसह लिहिलेलं आहे आणि संचालक मंडळानं तो ठराव केलाय. साडेदहाची फाइल आता आयटीतून अकरापर्यंत शाखानिहाय वेगळी होऊन माझ्याकडे आणि चारही शाखाधिकाऱ्यांकडे येते. पिग्मीच्या नोंदींवरून छोटं कर्ज द्यायचं धोरण अजून मंजुरीसाठी पडून आहे. मी दर सभेत विषय काढते.

खाणावळवाल्या बाईंकडे मी गेले होते. त्यांना सांगितलं, की पैसे त्या वेळी आमच्याकडेच होते आणि चूक आमची होती. त्यांनी आधी ओळखलंच नाही कुठले पैसे ते. मग म्हणाल्या, "त्या नऊ दिवसांत किराणा उधारीवर आणला होता मी."

नोंदणी केलीत तर एक करा. प्रशिक्षणाला येताना आपल्या बँकेच्या मागच्या महिन्यातल्या अडकलेल्या व्यवहारांची यादी मागवतात, ग्राहकांची नावं आणि खातेक्रमांक झाकून. बरेच जण विसरतात आणि मग दुसऱ्याच्या यादीवर काम करतात. आपली न्या. आणि ती यादी आयटीच्या माणसाला एकट्याला काढायला लावू नका, त्याच्या शेजारी बसून काढा. आमची ६३ ओळींची होती, त्यातले १९ व्यवहार माझ्याच शाखांचे.